दोन दिवस, गाडी नाही, सोबत आईबाबा: ज्युरासिक कोस्टवर कुठे उतरावं?

तुम्ही विचारलंय की आईबाबा पुण्याहून लंडनला आलेत, सोबत दहा वर्षांची मुलगी आहे, ऑगस्टअखेरीस दोन दिवस मोकळे आहेत आणि गाडी नाही. तर तुमच्या यादीतले ज्युरासिक कोस्टचे आठ किनारे त्यात कसे बसवायचे?

बसत नाहीत. इंग्लंडच्या दक्षिणेचा हा किनारा डेव्हनमधल्या एक्समथपासून डॉर्सेटमधल्या स्टडलंडपर्यंत ९५ मैल, म्हणजे सुमारे १५५ किलोमीटर पसरलाय. मुख्य रस्ता बहुतेक ठिकाणी आतून जातो, त्यामुळे प्रत्येक किनाऱ्यासाठी फाट्यावरून खाली उतरायचं आणि पुन्हा वर यायचं. तीन ठेवा: लुलवर्थ, चेझिल आणि जीवाश्मांसाठी चारमथ. स्टडलंडची वाळू झकास आहे, पण ते पार पूर्वेच्या टोकाला पडतं आणि मुलीला वाळूत खेळायला वेमथ पुरेसं आहे. ऑगस्टमधला शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो, तो आणि त्याच्या आधीचे शनिवार-रविवार टाळा.

गाडी नसण्याचा एक फायदा असा की आल्या वाटेने परत जावं लागत नाही. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून वेमथच्या गाडीने निघा, अलीकडच्या वूल स्टेशनवर उतरा, लुलवर्थ बघून रात्री वेमथला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी बसने पश्चिमेकडे चारमथ आणि लाइम रीजिसला जा, तिथून ॲक्समिन्स्टर स्टेशन गाठा आणि दुसऱ्याच मार्गाने वॉटर्लूला या. तिकिटं मात्र दोन वेगळी एकेरी काढा. जाताना आपला डबा वेमथपर्यंत जाणार आहे ना, ते फलाटावरच बघून घ्या, कारण काही गाड्यांचे मागचे डबे वाटेतल्या बोर्नमथला काढतात. वूलच्या बाहेर टॅक्सी उभी असेलच असं नाही. उन्हाळी बस आहे, पण तिच्या फेऱ्या हंगामाप्रमाणे बदलतात; आदल्या दिवशी वेळापत्रक बघा आणि जमत नसेल तर टॅक्सी आधीच सांगून ठेवा.

लुलवर्थ कोव्ह म्हणजे जवळजवळ गोल खाडी. समुद्राकडची भिंत कठीण पोर्टलंड चुनखडकाची, तिच्यामागे मऊ माती आणि वाळूचे थर, सगळ्यात मागे पांढरा खडू, म्हणजे मऊ चुनखडक. लाटांनी पुढच्या भिंतीला भगदाड पाडलं आणि मग आतली मऊ माती भराभर धुऊन नेली. हे घडताना बघायचं असेल तर शेजारच्या स्टेअर होलवर जा. तिथे भगदाडं पडलीत, पण खाडी अजून व्हायची आहे, आणि खडकाचे थर घडी घातलेल्या सतरंजीसारखे मुडपलेले दिसतात. वाहनतळापासून कोव्हपर्यंतची वाट सोपी आहे, आईबाबांना त्रास होणार नाही.

डर्डल डोअर ही समुद्रातली खडकाची नैसर्गिक कमान तिथून मैलभर. मधली टेकडी चांगलीच चढाची आहे, अर्धा-पाऊण तास धरा. पाऊस पडून गेला असेल तर ओल्या खडूवरून पाय सटकतो, चपला घालून जाऊ नका. गुडघे दुखत असतील तर बस किंवा टॅक्सीने थेट डर्डल डोअरच्या वरच्या वाहनतळावर जा. कमान वरून जास्त चांगली दिसते, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली पायऱ्या आहेत आणि किनारा गोट्यांचा आहे. स्वच्छतागृह नाही आणि जीवरक्षकही नाही. पोहायचंच असेल तर कमानीच्या पूर्वेचा मॅन ओ' वॉर बीच जास्त आडोशाचा आहे. ऑगस्टमध्ये पाणी १७ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे गोव्याची सवय असलेल्याला पहिल्या मिनिटाला श्वास अडकल्यासारखं होतं. एकदम उडी मारू नका, हळूहळू आत शिरा. कमानीवर चढून उड्या मारणारे दिसले तर मुलीला दूर ठेवा. मे २०२० मध्ये इथे तसं करणारे गंभीर जखमी झाले होते.

संध्याकाळी वेमथहून पोर्टलंडच्या बसने फेरीब्रिजला उतरा. हा चेझिलचा पूर्वेकडचा भाग. चेझिल म्हणजे वेस्ट बेपासून पोर्टलंडपर्यंत १८ मैलांचा गोट्यांचा बांध. गंमत अशी की पोर्टलंडच्या बाजूला गोटे बटाट्याएवढे आणि वेस्ट बेला मटाराएवढे, मधे क्रमाने लहान होत जाणारे. अंधारात किनाऱ्याला लागलेले चोरटे व्यापारी हातात गोटे घेऊन आपण कुठे आहोत ते ओळखायचे, असं सांगतात. मुलीला इथले गोटे हातात धरायला द्या आणि दुसऱ्या दिवशी वेस्ट बेचे. बरोबर आणू मात्र नका, तिथले गोटे उचलून नेणं बेकायदेशीर आहे. चेझिलवर पाण्यात पाय घालायचा नाही, गुडघाभरसुद्धा नाही. उतार इतका उभा आहे की परतणारी लाट पायाखालचे गोटे घेऊनच जाते आणि बाहेर यायला आधार उरत नाही.

दुसऱ्या दिवशीची पश्चिमेची बस डबलडेकर असेल तर वरच्या मजल्यावर डावीकडे बसा. ॲबट्सबरीच्या चढावरून अख्खा चेझिल दिसतो. वेस्ट बेला पिवळ्या वाळूखडकाचा कडा आहे, फोटो काढायचा मोह होतो, पण त्याच्या सावलीत बसू नका. दरड कोसळायला पाऊसच लागतो असं नाही, कोरड्या दिवशीही ती येते. जुलै २०१२ मध्ये जवळच्या बर्टन ब्रॅडस्टॉकला दरडीखाली एका तरुणीचा जीव गेला.

चारमथला जायची वेळ घड्याळावर नाही, ओहोटीवर ठरवा. दुसऱ्या दिवसाचं सगळं गणित त्याभोवतीच आहे. समजा ओहोटी दुपारी १ वाजता आहे. तर ११ च्या सुमारास किनाऱ्यावर उतरा आणि १ वाजता पाठ फिरवा. चारमथ ते लाइम रीजिस किनाऱ्याने चालत जाऊ म्हणाल तर भरतीचं पाणी कड्याला भिडतं आणि माणूस मधेच अडकतो. वर चढायला जावं तर कड्याखालचा चिखल कंबरेपर्यंत ओढतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओहोटी लांबवर जाते, पण भरतीही तितकीच आत येते. आणखी एक खोच आहे: भरती-ओहोटीच्या काही तक्त्यांत वेळ ग्रिनिच प्रमाणवेळेत देतात. उन्हाळ्यात तिच्यात एक तास मिळवावा लागतो. अडकलातच तर ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागा.

जीवाश्म शोधायला हातोडी लागत नाही. कड्याला तर हातही लावू नका. पाण्याच्या कडेला गोट्यांमध्ये काळसर, जड खड्यांचा पट्टा दिसतो. लाटा वजनाप्रमाणे निवड करतात, म्हणून जड वस्तू एकाच ओळीत साचतात. तिथे गुडघे टेकून बसा आणि दहा मिनिटं एकाच हातभर जागेत बघत राहा. दगडाला निसर्ग सरळ रेघ किंवा नीट गुंडाळी क्वचितच देतो, तेवढीच शोधायची. बंदुकीच्या गोळीसारखी दिसते ती बेलेमनाइट, माखळीसारख्या प्राण्याचा जीवाश्म, आणि नखाएवढं सोनेरी चक्र म्हणजे पायराइटचं, म्हणजे लोखंड-गंधकाच्या सोनेरी खनिजाचं अमोनाइट, गुंडाळीदार शिंपल्याच्या सागरी प्राण्याचा जीवाश्म. आजीआजोबांना ते लगेच ओळखू येईल, आपला शाळिग्राम म्हणजेच अमोनाइट. इथले थर सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, सह्याद्रीचा काळा दगड त्यामानाने कालचा, साडेसहा कोटींचा. सैल पडलेलं घरी नेता येतं. काही मोठं किंवा वेगळं सापडलं तर किनाऱ्यावरच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये दाखवून नोंद करायची असते. सोबत माहितगार हवा असेल तर याच केंद्राच्या फेऱ्यांपैकी एक आधी आरक्षित करा.

लाइम रीजिसला वेळ उरला तर मेरी ॲनिंगचा पुतळा बघा, १७९९ साली याच गावात जन्मलेली ही बाई पुढे इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म शोधून गेली. चिप्स घेताना शाकाहारी असाल तर तळणीचं तेल कसलं आहे ते विचारा, आणि पुडा छातीशी धरा, सीगल मागून येतात.

सोनेरी अमोनाइट पुण्याला नेणार असाल तर आधी गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा, पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डबीत ठेवा. पायराइटला दमट हवा सोसत नाही; देव्हाऱ्यात उघडं ठेवलंत तर एकदोन पावसाळ्यांत त्याची पांढरी-पिवळी भुकटी झालेली दिसेल.