उबुंटूवरील शेअर विंडोज आणि मॅकवरून उघडण्यासाठी एसएमबी १ सुरू करावे का?

तुमच्या छपाईपूर्व कामाच्या कार्यालयात उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या संगणकावर (सर्व्हरवर) साम्बा, म्हणजे फायली इतर संगणकांना उघडून देणारा प्रोग्राम, बसवलेला आहे, विंडोज ११ चे दोन संगणक आणि एक मॅक त्याच राउटरला जोडलेले आहेत, पण विंडोजच्या ‘नेटवर्क’ यादीत सर्व्हर दिसत नाही. त्यावर एसएमबी १, म्हणजे जाळ्यावरून फायली उघडण्याच्या एसएमबी या पद्धतीचे जुने रूप, सुरू करण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला आहे आणि पुढे घरूनही त्या फायली उघडता याव्यात, अशी तुमची इच्छा आहे. तो सल्ला कृपया मानू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला, तो एसएमबी १ मधील त्रुटीचा फायदा घेऊनच. त्याच वर्षाच्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने हे जुने रूप विंडोज १० मधून टप्प्याटप्प्याने काढायला घेतले आणि साम्बानेही २०१९ मधील ४.११ या आवृत्तीपासून ते मुळातच बंद ठेवले आहे.

यादीत न दिसणे आणि न उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी ती यादी एसएमबी १ च्या सोबतीने चालणाऱ्या नेटबायोस या जुन्या पद्धतीवर तयार होत असे; आता जाळ्यातील संगणक शोधण्यासाठी विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही पद्धत वापरते आणि साम्बा स्वतः त्या पद्धतीने आपली ओळख जाहीर करत नाही. म्हणून आधी राउटरवर सर्व्हरचा आयपी पत्ता (जाळ्यातील त्याचा क्रमांक) कायमचा करून घ्या आणि विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधील पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेषा देऊन तो थेट टाका. मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेन्यूतील ‘कनेक्ट टू सर्व्हर’ वापरा. शेअर, म्हणजे सर्व्हरवरचे सामाईक फोल्डर, असे उघडले, तर तुमचे जाळे ठणठणीत आहे. यादीत नाव हवेच असेल, तर उबुंटूवर सर्व्हरची ओळख जाहीर करणारे प्रोग्राम, विंडोजसाठी डब्ल्यूएसडीडी आणि मॅकसाठी अवाही, बसवता येतात.

पत्ता देऊनही उघडले नाही, तर मी प्रथम खाते तपासतो. विंडोज ११ प्रो २४एच२ पासून पाहुणा म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, शेअर उघडण्याची सोय मुळात बंद असते, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावेच लागते. साम्बाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे साठवले जातात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लिनक्समध्ये खाते असले, तरी साम्बात त्याचा पासवर्ड स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. शिवाय पूर्वी साठवलेले चुकीचे नाव विंडोज पुन्हा पुन्हा पाठवत राहते, तेव्हा क्रेडेन्शियल मॅनेजर या विंडोजमधील साठवलेल्या पासवर्डांच्या यादीतील सर्व्हरची जुनी नोंद पुसून टाका.

पुढची अडचण परवानगीची असते: एकाने केलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, पण बदलता येत नाही. साम्बाच्या मूळ मांडणीत नव्या फाइलवर गटाला लिहिण्याचा अधिकार मिळत नाही, हे त्याचे कारण. सर्वांना एका गटात घ्या, शेअरला तो गट सक्तीचा करा आणि नव्या फायलींसाठी ०६६०, तर फोल्डरांसाठी २७७० अशी, म्हणजे गटालाही लिहिता येईल अशी, परवानगी ठरवून द्या. मॅकसाठी वेगळी पद्धत उभारण्याची गरज नाही, कारण २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून ॲपलनेही एसएमबीलाच पसंती दिली आहे. फक्त साम्बातील मॅकशी जुळवून घेणारे ‘फ्रूट’ हे मोड्यूल सुरू करा.

मराठी कार्यालयात मला सर्वाधिक काळजी वाटते ती फायलींच्या नावांची. विसर्गचिन्हासारखा दिसणारा कोलन, प्रश्नचिन्ह आणि सरळ दुहेरी अवतरणचिन्ह लिनक्सला नावात चालते, विंडोजला चालत नाही. मग ‘पान १२: अंतिम’ ही फाइल विंडोजवर तरंगचिन्ह (~) असलेल्या अगम्य आखूड नावाने दिसते. याहून फसवे प्रकरण ‘ऱ’ या अक्षराचे आहे. युनिकोड या अक्षरांच्या संकेतप्रणालीत ते एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) अशा दोन संकेतांनीही. मॅकची जुन्या एचएफएस प्लस या मांडणीची डिस्क नावे सुट्या, म्हणजे दोन संकेतांच्या, रूपात साठवते, म्हणून तिच्यावरून आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने थेट सर्व्हरवर आणलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ आणि विंडोजवर टंकलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ या लिनक्सच्या दृष्टीने दोन भिन्न फायली ठरतात: दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि शोधताना एकच सापडू शकते. जुना साठा हलवताना कॉन्व्हएमव्ही या साधनाने सर्व नावे आधी एनएफसी या जोडरूपात आणा. ते साधन प्रत्यक्ष बदल करण्यापूर्वी काय बदलेल ते दाखवते. ती यादी नीट वाचूनच पुढे जा.

घरून फायली उघडण्यासाठी राउटरवर ४४५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे एसएमबीचे प्रवेशद्वार, बाहेरच्या जगाला खुले करू नका. कार्यालयात वायरगार्डसारखे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या जाळ्यात नेणारा सुरक्षित मार्ग, बसवा. त्यातून जोडल्यावर घरच्या संगणकावरही तोच आयपी पत्ता आणि तेच खाते वापरता येईल, मात्र घरच्या राउटरची आयपी मालिका कार्यालयाच्या मालिकेहून वेगळी आहे, याची आधी खात्री करून घ्या.