मुलाचा कान महिनाभर वाहतोय, बोरिक पावडर घालू का?

तुमचा मुलगा सात वर्षांचा, कान महिनाभर वाहतोय, आणि शेजारच्या आजी बोरिक पावडर फुंकायला सांगतायत. कानाचा पडदा कुणी बघितला नसेल तर घालू नका. मी डॉक्टर नाही. सांगलीत राहते, माझ्या लेकीचा कान दोन वर्षं फुटत होता, त्यातून शिकले ते सांगते.

आजींचं सगळंच चूक नाही. बोरिक ॲसिड, पातळ ॲसेटिक ॲसिड, पोव्हिडोन आयोडीन ही जंतुनाशकं कानाचे डॉक्टरही वापरतात. जुनाट वाहत्या कानात बरेचदा स्यूडोमोनास हा जंतू असतो, त्याला आंबट जागा मानवत नाही. पण पडद्याला भोक असलं की घातलेलं औषध सरळ मधल्या कानात उतरतं. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक तिथं गेलं तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या थेंबांनाही तोच धोका. म्हणून घरातली जुनी बाटली काढू नका, जखमेचं आयोडीन ओतू नका. पावडर तर पुवात भिजून घट्ट बसते. लेकीच्या कानातून तसला पांढरा खडा काढताना ती इतकी रडली की मला बघवेना.

संशोधकांनी तुलना करून पाहिली तेव्हा बोरिकपेक्षा सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या थेंबांनी जास्त कान कोरडे झालेले दिसलेत. आम्हालाही तेच दिले होते. पण थेंब पुवावर पडले तर वाया जातात. त्यामुळे माझ्या मते खरं काम कान पुसण्याचं आहे.

धुतलेल्या मऊ सुती कापडाची पट्टी घ्यायची, समईची वात वळतो तशी वळायची, टोक हलकेच कानात ठेवायचं. ओली झाली की टाकून दुसरी. सुरुवातीला पाच-सहा लागायच्या, पिवळट, वास येणाऱ्या. वात कोरडी निघाली की मगच थेंब. दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे. काडीचा कापूस किंवा पिन नको, आणि नंतर कानात बोळा ठेवून द्यायचा नाही.

थेंबांची बाटली आधी मुठीत धरून कोमट करा. पहिल्या दिवशी मी गार थेंब घातले, तर लेक म्हणाली, "आई, घर फिरतंय," आणि ओकली. कुशीवर झोपवून थेंब घाला, कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा चार-पाचदा दाबा, म्हणजे औषध आत सरकतं. लसणाचं तेल कोणी कितीही आग्रह केला तरी नको.

कानामागे सूज आली, ताप चढला, चक्कर आली किंवा तोंड एका बाजूला ओढलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यातलं काही नसलं तरी याच आठवड्यात मिरजेत किंवा सांगलीत कानाच्या डॉक्टरांना पडदा दाखवा. कृष्णेत पोहणं आणि विहिरीत सूर मारणं त्यांनी हो म्हणेपर्यंत बंद. आमच्याकडे यावरूनच सगळ्यात मोठं रडगाणं झालं होतं, पण ऐकलं तिनं.