सेंट थॉमसमध्ये कुठे बसायचं ते आधी ठरवा

फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये समूहगायन आणि व्हायोलिनचा कार्यक्रम आहे, आई सोबत येणार आहेत, त्यांनी जन्मभर खयाल ऐकलाय पण चर्चमध्ये कधी गेलेल्या नाहीत, तर कुठे बसावं आणि काय पाळावं, असं तुम्ही विचारलंय. मुंबईतल्या जुन्या चर्चमधले कार्यक्रम मी वीसेक वर्षं ऐकतोय. आईंना नक्की न्या.

सगळ्यात महत्त्वाची जागा. नाट्यगृहात गाद्या, पडदे, गालिचे आवाज पिऊन टाकतात. इथे दगड, संगमरवर आणि उंच छप्पर; आवाज जातो आणि परत येतो. आईंना गाभाऱ्यातल्या घुमाऱ्याची आठवण करून द्या, त्यांना लगेच कळेल. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे २० मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत, मात्रेला तबल्याचे दोन बोल धरले, तर दोन बोलांमधलं अंतर जवळपास तेवढंच असतं. पहिला बोल परत येतो तो दुसऱ्याच्या अंगावर. म्हणून अशा वास्तूत तबला चिखलासारखा ऐकू येतो आणि सावकाश, लांब सूर मात्र फुलतात. युरोपातलं जुनं चर्चसंगीत असं संथ असण्यामागे हेही एक कारण आहे: ते दगडी इमारतींसाठीच रचलं गेलं. वाद्याविना गाण्याला ‘आ कापेला’ म्हणतात, त्याचा मूळ इटालियन अर्थच ‘चॅपेलच्या पद्धतीनं’ असा आहे.

तेव्हा व्हायोलिनसाठी पुढच्या पाच-सहा रांगांत बसा, तिथे वाद्याचा थेट आवाज घुमाऱ्यावर मात करतो. समूहगायनासाठी मध्यावर. मी पहिल्यांदा एका चर्चमध्ये पंखा बघून सगळ्यात मागे बसलो होतो आणि व्हायोलिनच्या जलद भागातला एकही स्वर सुटा ऐकू आला नाही. त्यातच आयोजकांनी मोठे स्पीकर लावलेले. तो कार्यक्रम आजही आठवला की वाईट वाटतं. तुमच्या कार्यक्रमात दोन्ही आहे, तर पुढेच बसा. खांबामागची जागा टाळा. ऐकू येईल, पण आईंना गाणारे चेहरे दिसले पाहिजेत. बसायच्या जागा बहुधा राखीव नसतात, अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. बाक कडक असतात, एक छोटी उशी न्या. हातपंखाही असू द्या.

लवकर गेलात तर वास्तू बघायला वेळ मिळेल, आणि तो मिळायलाच हवा. १७१८च्या नाताळात हे चर्च उघडलं, मुंबईतलं पहिलं अँग्लिकन चर्च. किल्ल्याच्या ज्या दरवाज्यातून इकडे येत, तो चर्चगेट. तट १८६०च्या दशकात पाडला, नाव स्टेशनाला राहिलं. भिंतींवरच्या संगमरवरी स्मारकांवर कोवळ्या वयात इथे मेलेल्या माणसांची नावं आहेत. आईंना त्यातली दोन-तीन वाचून दाखवा.

पाळायचं म्हणाल तर फार काही नाही. इथे आजही प्रार्थना होते, त्यामुळे वेदीच्या पायऱ्यांवर बसू नये, पिशव्या ठेवू नयेत, खाऊ नये. फोन बंद. साडी, कुर्ता, काहीही चालतं.

टाळ्यांबद्दल मात्र आईंना आधी सांगून ठेवा. आपण समेवर दाद देतो, एखादी जागा छान घेतली तर ‘वा’ आपोआप निघतो. इथे एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मधे शांतता असते. रचना संपली असं वाटून हात उचलू नका, छापील पत्रिका हातात ठेवा आणि पूर्ण रचना झाल्यावरच टाळ्या वाजवा. मन मारून बसल्यासारखं सुरुवातीला वाटतं, मलाही वाटलं होतं. पण गाणारे थांबल्यावर सूर छपराकडे काही क्षण राहतो. तंबोऱ्याची तार सोडल्यावर मागे आस राहते, तसाच. आईंना म्हणावं, ती आस पूर्ण विरेपर्यंत ऐका. खयाल ऐकलेल्या कानांना ती माझ्यापेक्षा जास्त वेळ ऐकू येईल.

चर्चगेटहून चालत पंधरा मिनिटं, हुतात्मा चौकावरून सरळ. आईंना चालवत नसेल तर टॅक्सीवाल्याला ‘हॉर्निमन सर्कल’ सांगा.