आधी भूमिकांची अदलाबदल हातात बसू द्या
सायकोड्रामा म्हणजे मनातले प्रसंग गटासमोर अभिनयातून उभे करायची, मानसोपचारतज्ज्ञ मोरेनोंची उपचारपद्धती. त्यात तंत्रं ढीगभर आहेत, पण नव्याने शिकताय तर आधी भूमिकांची अदलाबदल पक्की करा. समजा, वडिलांसोबतचा प्रसंग उभा करणारी मुलगी वडील होऊन त्यांच्या खुर्चीत बसली, की लगेच 'बोला' म्हणू नका. वडील कसे बसतात, हात कुठे ठेवतात, लेकीला काय हाक मारतात, हे तिला वडील समजूनच विचारा. आवाज आपसूक बदलतो. मग तिला स्वतःच्या जागी परत आणायचंच. घाईत हेच राहून जातं. डबल होताना, म्हणजे तिच्या मनातलं न बोललेलं तिच्या वतीने बोलताना, तिच्या मागे, जरा बाजूला उभे राहा. एखादंच वाक्य बोला, पटलं नाही तर तिला खोडू द्या. मिरर, म्हणजे तिचं वागणं दुसऱ्याने तिच्यासमोर करून दाखवणं, मात्र जपून; माणूस दुखावतो. शेवटी गटातले सगळे बोलतात, त्या शेअरिंगमध्ये कुणी सल्ले द्यायला लागलं, तर तिथेच थांबवा. स्वतःचा अनुभव सांगा म्हणावं.