प्रथम पुण्यस्मरण आणि बाबांच्या वाटा

प्रश्न : माझे बाबा उद्यमबागेतील एका फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे कामगार होते. आठवडाभर राबून सुटीच्या दिवशी ते सायकल काढून राजहंसगड, वैजनाथ, तर कधी एसटीने जांबोटी-कणकुंबीकडे जात. पुढील महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध आहे. भावाला वृत्तपत्रातील पुण्यस्मरणाची जाहिरात पुरेशी वाटते. मला आठवणींची छोटी पुस्तिका काढायची आहे. परंतु ‘कष्टाळू, प्रेमळ, निसर्गप्रेमी’ यापुढे लेखणी सरकत नाही. आईला विचारले, तर ती म्हणते, ‘सुटीला ते घरी असायचे कधी, म्हणून मी सांगू?’ काय करावे?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुम्ही लिहिलेली तिन्ही विशेषणे खरी असतील, पण ती कोणाच्याही वडिलांना लावता येतात, म्हणूनच लेखणी अडते. विशेषणे बाजूला ठेवा आणि प्रथम त्यांच्या कामाबद्दल लिहा. मुलांना वडिलांची नोकरी ठाऊक असते, काम बहुधा ठाऊक नसते. साच्यात ओतला जाणारा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) रस साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो आणि वाळूत ओल थोडी जास्त राहिली तरी वाफ धरून ओतीव भागात पोकळ्या पडतात. जुने मोल्डर वाळू मुठीत दाबून तिची ओल ओळखतात. बाबांचा हात त्यात कसा होता, पाळी संपल्यावर ते काय बोलत, नव्या पोरांना कसे शिकवत, हे त्यांचे सहकारीच सांगू शकतील. त्यांना घरी बोलावण्यापेक्षा तुम्हीच जाऊन भेटा. चहाच्या टपरीवर माणसे अधिक मोकळी बोलतात.

त्यांच्या भटकंतीसाठी ठिकाणांची यादी करू नका. एकच वाट निवडून ती नीट लिहा, शक्य असल्यास स्वतः जाऊन. येळ्ळूरचा राजहंसगड शहराजवळ आहे, तेथे अर्ध्या दिवसात जाऊन येता येते. देवरवाडीचा वैजनाथ चंदगड तालुक्यात, म्हणजे कागदोपत्री दुसऱ्या राज्यात. आपल्याकडच्या भाविकांना मात्र ते परराज्य कधी वाटले नाही. मला विचाराल तर कणकुंबीची वाट निवडा. मलप्रभा तेथे उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते, तर त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला गोव्याकडे वळते. ज्या माणसाने सुटीचा दिवस खर्चून हा मुलूख पाहिला, तो तेथे काय शोधत होता, हे तुम्हाला तेथे उभे राहून कदाचित अधिक कळेल. ‘भट्टीच्या धगीला कंटाळून ते रानात जात’ असा सोपा निष्कर्ष मात्र कोणी सांगितल्याशिवाय लिहू नका. काम आवडणाऱ्या माणसालाही रान आवडू शकते.

भीमगडाच्या परिसरात ते जात असतील, तर २०११ पासून तो वन्यजीव अभयारण्य आहे, हे ध्यानात ठेवा. त्यांनी पूर्वी सहज तुडवलेली वाट आज वनखात्याच्या परवानगीशिवाय चालता येणार नाही. स्मृतिवृक्ष लावण्याचा विचार असेल, तर तोही वनजमिनीवर नव्हे, स्वतःच्या परसात किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावर करावा. जांभूळ आपल्या मातीत उत्तम येते.

आता आईंविषयी. त्यांचे वाक्य हाच तुमच्या पुस्तिकेतील सर्वांत खरा मजकूर आहे, तो गाळू नका. सुटीच्या दिवशी घरची कामे, आजारपणे, पाहुणे कोणी सांभाळले, हे त्यांना विचारा. पहाटे डबा भरून कोण देत होते आणि परतताना पिशवीतून करवंदे, जांभळे की नुसता चिखल येत होता, असे विचारल्यास त्या नक्की बोलतील. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत छापा. तिच्यावर ‘तरीही प्रेम होते’ असे पांघरूण घालण्याची गरज नाही. फक्त छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी नको म्हटलेले काढून टाका.

सोळा पाने पुरेशी आहेत. भावाची जाहिरातही द्यावी, कारण दूरच्या आप्तांना आणि जुन्या कामगारांना त्यातूनच दिवस कळेल; ती तिथीप्रमाणे द्यायची की तारखेप्रमाणे, एवढे दोघांनी आधी ठरवून घ्या.