ग्रुपात सव्वातीनशे, सभेला तीस

तुम्ही विचारलंय की सोशल मीडियामुळे लोक राजकारणात जास्त भाग घ्यायला लागलेत का. माझं मत, गर्दी जमवायला त्याचा उपयोग होतो, पण रोजच्या कारभारात फारसा नाही.

२०१६ चे मराठा क्रांती मोर्चे बघा. कोपर्डीत शाळकरी मुलीवर अत्याचार करून खून झाला, त्यानंतर ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला निघाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यात लाट. घोषणा द्यायची नाही, मुली पुढं राहणार, निवेदन मुलीच देणार, मोर्चा झाला की कचरा उचलायचा, ह्या सूचना व्हॉट्सॲपवरनं गावोगाव गेल्या, एवढी माणसं शिस्तीत चालली ती उगीच नाही. पण त्याआधी तालुक्यातालुक्यात बैठका झालेल्या, गाड्या ठरलेल्या, हे लोक विसरतात. नुसत्या मोबाईलनं होत असतं तर मुंबईतल्या श्रीमंत कुलाब्यात मतदान सगळ्यात जास्त झालं असतं ना? २०२४ च्या विधानसभेला राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास झालं, कुलाब्यात ४५ पण नाही.

आता आमच्या गावचं सांगतो. गावच्या ग्रुपात सव्वातीनशे जण आहेत. पाण्याच्या टाकीवरनं रात्री साडेअकरापर्यंत भांडणं, पुण्यात नोकरी करणारे तर सगळ्यात जोरात (त्यातले निम्मे मतदार यादीत पण इथले नाहीत, पण ते असो). आणि ग्रामसभेला? तीस माणसं. कोरमला, म्हणजे सभा चालायला कमीत कमी हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते लागतं, आमच्याकडे दीड हजार मतदार म्हणजे १०० पाहिजेत. झाली सभा तहकूब. आणि खरी गंमत पुढंच आहे, तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग नंतर जे पंधरा-वीस जण येतात, बहुतेक सरपंचांच्याच वाडीतले, तेच घरकुलाची यादी पण मंजूर करतात आणि रस्ता कुठला ते पण ठरवतात. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर परत बोंबाबोंब.

मी सभेच्या नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकून बघितला, विषय वाचून अंगठे भरपूर आले, माणसं तेवढीच. मागच्या खेपेला मी आणि चुलतभाऊ आदल्या संध्याकाळी आमच्या आळीत घरोघर फिरलो, बायकांना खास सांगितलं की टाकीचा विषय आहे, तेव्हा आमच्या एकट्या आळीतनंच बावीस जण आले, त्यातल्या चौदा बायका, आणि ग्रामसेवकाला टाकीचा खर्च वाचून दाखवावा लागला.