तारीख लांब आहे, मुदत नाही

मावळातील एका कॅम्पमालकांचे पत्र आले आहे. पवना धरणाच्या पाण्यावर त्यांच्या दोन मोटरबोटी आहेत. त्या त्यांनी अकरा महिन्यांच्या करारावर गावातल्याच एकाला चालवायला दिल्या. गेल्या हिवाळ्यात एक पर्यटक महिला बोटीतून उतरताना पाण्यात पडल्या. इंजिन चालूच होते, पंख्याने त्यांच्या पायाला गंभीर इजा झाली. त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार केली आणि गणपतीच्या दोन दिवस आधी आयोगाची नोटीस कॅम्पमालकांच्या हाती पडली. "तारीख दिवाळीनंतरची आहे. अपघाताची सगळी जबाबदारी चालवणाऱ्याची, असे करारात लिहिले आहे. मग मला काळजीचे कारण आहे का?" असे ते विचारतात. मुळशीहून, तापोळ्याहून याच धर्तीची पत्रे येत असतात.

कारण आहे. कराराचे नंतर बघू, आधी कॅलेंडर उघडा.

नोटिशीवर छापलेली तारीख हजर राहण्याची असते. लेखी म्हणणे देण्याची मुदत वेगळी आहे आणि ती नोटीस मिळाल्यापासून धावू लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ नुसार तुम्हाला ३० दिवस मिळतात, आणि आयोगाला पटले तर आणखी १५. त्यापुढे एकही दिवस वाढवून देण्याचा अधिकार आयोगाला नाही. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे. आजारपण, वकील गावाला गेले, कागद सापडत नव्हते, यातले कोणतेही कारण ४५ दिवसांनंतर चालत नाही.

आता हिशोब करा. नवरात्र सुरू आहे, म्हणजे तुमचे पहिले ३० दिवस संपले आहेत किंवा संपायला आले आहेत. कोजागिरीनंतर दोन-तीन दिवसांत दार कायमचे बंद होईल. दिवाळीनंतरच्या तारखेला तुम्ही कितीही चांगला वकील घेऊन उभे राहिलात तरी तुमचे म्हणणे आणि त्याला जोडायची कागदपत्रे घेतली जाणार नाहीत. तोंडी युक्तिवादाला कदाचित वाव मिळेल, पण तो समोरच्यांच्याच कागदांवर करावा लागेल.

नोटीस महिनाभर कपाटात ठेवण्याइतकी किरकोळ कशी वाटली, हे मला समजत नाही. या कायद्याने साधी तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायला सांगितले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात, जखमी माणूस कुबड्या घेऊन तारखांना येत राहतो आणि त्या दिरंगाईचा जाब कोणालाच विचारला जात नाही, याचा मला संताप आहे. पण आयोग संथ आहे म्हणून आपली मुदतही सैल असेल, ही समजूत माणसाला बुडवते.

एक बारीक गोष्ट तुमच्या बाजूची असू शकते. ही मुदत नुसत्या नोटिशीपासून मोजत नाहीत, तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून मोजतात. तेव्हा तो लिफाफा शोधा. आत फक्त नोटिशीचा एक कागद होता, की तक्रार, डॉक्टरांची बिले, फोटो असा गठ्ठा होता? लिफाफ्यावरचा पोस्टाचा शिक्का, वजन, पोचपावतीवरची तारीख हे सगळे पुरावे आहेत. लिफाफा फेकू नका. तक्रारीची प्रत नसेल तर आजच आयोगाकडे लेखी मागा आणि त्या अर्जाची पोच घ्या. मात्र या आशेवर थांबू नका. म्हणणे, त्यासोबतचे प्रतिज्ञापत्र आणि उशीर का झाला याचा अर्ज एकत्रच दाखल करा. ऑनलाइन दाखल करायला ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलची सोय आहे, पण शेवटच्या रात्री पोर्टल चालेल यावर विसंबू नका.

आता करार. तो तुमच्यात आणि बोट चालवणाऱ्यात आहे, त्या बाईंनी त्यावर सही केलेली नाही. तुम्हीच लिहिता की पावतीवर कॅम्पचे नाव होते आणि पैसे तुमच्या क्यूआर कोडवर आले. मग सेवा कोणी दिली, हे सांगायला आयोगाला फार वेळ लागणार नाही. कराराचा उपयोग इतकाच, की चालवणाऱ्यालाही सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो पक्ष, म्हणून जोडण्याची मागणी करता येईल आणि भरपाई तुम्हाला द्यावी लागली तर ती त्याच्याकडून वसूल करण्याचा प्रयत्न करता येईल. त्याच्याकडून किती निघेल, ते तुम्हीच जाणता. 'आपल्या जबाबदारीवर बोटीत बसावे' या पाटीवर मी भिस्त ठेवणार नाही.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हाही बोटिंग ठेक्यावरच होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ठेका देणाऱ्या महापालिकेलाही जाब विचारला.

विम्याबद्दल पॉलिसी पाहिल्याशिवाय ठाम सांगता येणार नाही. अपघात अजून कळवला नसेल तर आज लेखी कळवा. कंपनी उशिराचा मुद्दा काढेल, काढू द्या. ती बोटीची नोंदणी आणि सर्व्हे प्रमाणपत्रही (बोट तपासून सुरक्षित ठरवल्याचा दाखला) मागेल, कारण इंजिनावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो आणि त्यात दोन्ही बंधनकारक आहेत. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. जलसंपदा विभागाच्या परवानगीबद्दलही तुम्ही गप्प आहात. जे नव्हते ते होते, असे म्हणण्यात लिहू नका. ते शपथेवर जाते.

फौजदारी बाजू एफआयआर आणि पंचनामा पाहूनच सांगता येईल. पण भारतीय न्याय संहितेचे कलम २८४ वाचून ठेवा. धोकादायक अवस्थेतील किंवा जादा भरलेल्या बोटीतून भाडे घेऊन माणसे नेणारा जसा त्यात येतो, तसा नेण्याची व्यवस्था करणाराही येतो.

दुसरी बोट अजून सुरू आहे, असे तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेला आहात. सर्व्हे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ती पाण्यात उतरवू नका, दसऱ्याच्या सुट्टीचे बुकिंग असले तरी.